डोंगरातला एक मुक्काम : निघण्यापूर्वी करायचे गणित

या पाठात काय शिकायचे आहे

पायी डोंगर चढून जाणे आणि एक रात्र उघड्यावर मुक्काम करणे यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान तुम्ही बारावीपर्यंत शिकलेले आहात. वेग, कार्य, बाष्पीभवनाची उष्णता, बलाची आघूर्णे एवढ्यावर काम भागते. हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता याव्यात :

१. चढाई-उतराईला लागणारा वेळ काढणे आणि मागे फिरण्याची वेळ ठरवणे.
२. माणशी किती पाणी लागेल आणि पाठीवर किती वजन घ्यावे याचा हिशेब करणे.
३. मुक्कामाची जागा निवडणे आणि नाकारणे.
४. घरी ठेवायचा एक पानाचा आराखडा लिहिणे.

पाठाचे मुख्य सूत्र एका वाक्यात सांगायचे तर, अवघड निर्णय घरी बसून, पोट भरलेले आणि डोके शांत असताना घ्यायचे आणि कागदावर लिहायचे. डोंगरात फक्त ते पाळायचे. थकलेला, तहानलेला आणि मित्रांसमोर कमीपणा नको असलेला माणूस चांगला निर्णय घेत नाही. हुशार विद्यार्थीही याला अपवाद नसतात.

१. कोणत्या प्रदेशाबद्दल बोलत आहोत

मी रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहतो. पारा म्हणजे इकडच्या बोलीत वस्ती, मोहल्ला. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, छत्तीसगडच्या सपाट मैदानात आहे. डोंगर आणि जंगल मैदानाच्या कडेला आहेत : शंभर-एक किलोमीटरवर बारनवापारा, दक्षिणेला महानदीचा उगम असलेला सिहावा, त्याहून पुढे बस्तर, आणि उत्तरेला सरगुजाकडे मैनपाट. इथली मराठी मुले गिर्यारोहणाबद्दल जे वाचतात ते बहुतेक सह्याद्रीतले असते. त्यातले पुष्कळ उपयोगी आहे, पण जसेच्या तसे इकडे लागू पडत नाही.

एक उदाहरण घ्या. भारतभर घड्याळ एकच आहे, सूर्य मात्र रेखांशाप्रमाणे मावळतो. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटे घेते. पुणे आणि रायपूर यांच्या रेखांशांत सुमारे ८ अंशांचा फरक आहे, म्हणजे साधारण ३२ मिनिटे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रायपुरात सूर्य ५ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास मावळतो. तेव्हा पुण्यात अजून अर्ध्या तासाहून जास्त उजेड शिल्लक असतो. "साडेपाचपर्यंत तळावर पोहोचा" हा पुण्याच्या गटाचा सल्ला तिथे बरोबर आहे. रायपूरकडच्या सालाच्या जंगलात त्याच वेळी अंधार पडू लागलेला असतो. तुम्ही देशात कुठेही असा, आधी तुमच्या ठिकाणची त्या तारखेची सूर्यास्ताची वेळ काढा. पुढचा सगळा हिशेब त्या आकड्यापासून मागे मोजत करायचा आहे.

२. वेळेचे गणित

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला. तो आजही वापरला जातो. मेट्रिक मापात तो असा :

वेळ = (अंतर ÷ ताशी ५ किमी) + (चढ ÷ ताशी ६०० मीटर)

हा नियम धडधाकट, सवयीच्या, हलक्या माणसासाठी आहे. त्यात विश्रांती धरलेली नाही. पाठीवर ओझे असलेल्या नवख्या गटासाठी मी विद्यार्थ्यांना उत्तराला दीडने गुणायला सांगतो.

*सोडवलेले उदाहरण.* वाट एका बाजूने ७ किमी, चढ ५०० मीटर.

अंतराचा वेळ : ७ ÷ ५ = १.४ तास = ८४ मिनिटे
चढाचा वेळ : ५०० ÷ ६०० तास = ५० मिनिटे
बेरीज : १३४ मिनिटे
दीडपट : २०१ मिनिटे = ३ तास २१ मिनिटे
विश्रांतीसह : सुमारे ३ तास ५० मिनिटे

उतरताना चढाचा भाग गळतो, म्हणून ८४ × १.५ = १२६ मिनिटे येतात. पण सुट्या दगडांवर उतरणे चढण्याइतकेच हळू होते आणि गुडघे थकलेले असतात. म्हणून अडीच तास धरा.

आता उलटे मोजा. सूर्यास्त ५:२५. त्याआधी एक तास राखीव. म्हणजे पायथ्याशी ४:२५ ला पोहोचायला हवे. अडीच तास वजा केले की १:५५ येतात. त्याच दिवशी परतायचे असेल तर ही तुमची परतीची वेळ. शिखर शंभर मीटरवर दिसत असले तरी १:५५ ला मागे फिरायचे.

मुक्काम असेल तर अट बदलते. तंबू, पाणी, स्वयंपाक हे उजेडी व्हावे म्हणून ४ वाजता जागेवर पोहोचायचे. ३ तास ५० मिनिटे वजा करता पायथ्यावरून निघण्याची शेवटची वेळ १२:१०. शिवाय एक मधली खूण ठरवा : दुपारी २ वाजेपर्यंत निम्मी वाट झाली नसेल तर मागे. निम्म्या वाटेवरून उतरायला सव्वा तास लागतो. म्हणजे तुम्ही सव्वातीनला, भर उजेडात पायथ्याशी असाल.

अंतर आणि चढ कुठून काढायचे? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात १ सेंमी म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. त्यावरच्या समोच्च रेषा वाचायला शिका. मैदानी भागातल्या अशा पत्रकांवर दोन रेषांमध्ये बहुधा २० मीटरचे अंतर असते. पत्रकावर छापलेला आकडा मात्र तपासा. रेषा जवळ जवळ आल्या की चढ तीव्र. मोबाइलमधला नकाशा आधी उतरवून घ्या, कारण जंगलात नेटवर्क मिळेलच असे नाही.

३. पाण्याचे गणित

समजा तुमचे वजन ६० किलो आणि ओझे १० किलो. ५०० मीटर वर जाण्याचे यांत्रिक कार्य :

७० × ९.८ × ५०० = ३,४३,००० ज्यूल = ३४३ किलोज्यूल

आता शरीराचा खर्च पाहू. ओझ्यासह चढताना तो ताशी सुमारे १,५०० किलोज्यूल धरा. ३ तास २१ मिनिटांत तो ५,००० किलोज्यूलच्या आसपास जातो. त्यातले ३४३ सोडले तर जवळजवळ सगळ्याची उष्णता होते, आणि ती बाहेर टाकावी लागते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे या चढाईला साधारण दोन लिटर घाम, ताशी सुमारे ६०० मिलिलिटर.

या आकड्याला दोन बाजू आहेत. हिवाळ्यात काही उष्णता थंड हवेलाच जाते, म्हणून पाणी कमी लागते. एप्रिलमध्ये सूर्य वरून उष्णता देतो, म्हणून जास्त लागते. आणि टपटप गळणारा घाम शरीर थंड करत नाही. वाळणाराच करतो. दमट हवेत घाम येत राहतो, पाणी संपते आणि शरीर तापतच राहते. अशा दिवशी पाणी वाढवणे पुरेसे नाही. वेग कमी करा किंवा बेत रद्द करा.

मुक्कामासाठी माणशी हिशेब : चढाई २ लिटर, संध्याकाळ-स्वयंपाक-रात्र २ लिटर, उतराई दीड लिटर. एकूण साडेपाच. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणून हे सगळे पाठीवर नेणे जड जाते. साधारण तीन लिटर नेतात आणि उरलेले तळावरच्या झऱ्यातून घेतात. म्हणूनच तो झरा त्या आठवड्यात वाहता आहे का, हे पायथ्याच्या गावात विचारून खात्री करणे आवश्यक आहे. जानेवारीतला झरा एप्रिलमध्ये असेलच असे नाही. खात्री झाली नाही तर मुक्काम करू नका, त्याच दिवशी परता.

झऱ्याचे पाणी गढूळ असेल तर आधी स्वच्छ फडक्यातून गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. क्लोरीनच्या गोळ्या असतील तर वेष्टणावर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा. घामातून मीठही जाते. तासन्‌तास नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातले सोडियम घटू शकते. ओआरएसची पाकिटे ठेवा. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला आणि अंग तापलेले असले तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी मदत मागवा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

४. वजनाचे गणित

नवख्याने आपल्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त ओझे घेऊ नये. ६० किलोच्या माणसाला १२ किलो. नमुना यादी :

पाठपिशवी : १.५ किलो
स्लीपिंग बॅग किंवा जाड ब्लँकेट : १.५ किलो
खाली अंथरायची चटई : ०.५ किलो
तंबू किंवा ताडपत्री-दोरीतला वाटा : १.० किलो
पाणी : ३.० किलो
कोरडे अन्न : १.२ किलो
गरम कपडे, मोजे, पावसाळी जाकीट : १.३ किलो
शेगडी-भांड्यांतला वाटा : ०.६ किलो
टॉर्च, जादा सेल, शिट्टी, औषधे, चाकू, काडेपेटी : ०.९ किलो
एकूण : ११.५ किलो

जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या जवळ भरा. पिशवीचा गुरुत्वमध्य पाठीपासून जितका दूर, तितके मागे ओढणारे आघूर्ण जास्त, आणि तोल राखायला तितके पुढे वाकावे लागते. कमरेचा पट्टा असेल तर तो आवळा म्हणजे वजन खांद्यांवरून कमरेवर येईल.

चटई ही चैन नाही. झोपल्यावर शरीराची उष्णता वहनाने थेट जमिनीत जाते. अंगावर दोन पांघरुणे आणि खाली काहीच नाही, असा माणूस रात्रभर कुडकुडतो. उंचीचाही हिशेब करा. दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. मैनपाट सुमारे १,१०० मीटरवर आहे, म्हणजे रायपूरहून ८०० मीटर उंच. निव्वळ उंचीमुळे पाच अंश कमी. त्यात निरभ्र रात्र असेल तर जमीन उष्णता आकाशात सोडते आणि पहाटे दवबिंदू गोठण्यापर्यंत वेळ येते. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. तो फक्त झोपताना घालायचा.

५. जागा निवडणे आणि नाकारणे

*नदीचे पात्र.* इकडच्या नद्या हिवाळ्यात वाळूच्या सपाट मैदानासारख्या दिसतात, आणि तंबूला ती जागा आदर्श वाटते. ती नाकारा. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी आणि सहलीचा एक व्यवस्थापक वाहून गेले. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले होते. जिथे ते उभे होते तिथे पाऊस पडत नव्हता. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात अचानक लोंढा वाढून एकाच कुटुंबातले पाच जण गेले. दोन्ही घटनांतून शिकायचे ते हे : पाण्याचे कारण तुमच्या डोक्यावर नसते, तुमच्या वरच्या अंगाला असते. नकाशावर वर पाहा. धरण आहे का? मोठे पाणलोट क्षेत्र आहे का? तंबू पात्राच्या बाहेर, पुराने आणलेला काडीकचरा झुडपांत जिथे अडकलेला दिसतो त्याच्या बराच वर, पाण्यापासून निदान ६० मीटरवर लावा.

*झाडे.* वाळलेल्या फांदीखाली तंबू नको. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली मुळीच नको. मोहाची फुले अस्वलांना फार आवडतात, आणि ती वेचायला पहाटे गावकरीही येतात. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली किंवा झाडाखाली थांबू नका. तिथे धूर, आरडाओरडा, दगड मारणे टाळा. माश्या उठल्या तर तोंड-डोके झाकून पळा. पाण्यात उडी मारू नका.

*वीज.* ध्वनीला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा. अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंदांहून कमी असेल तर धोक्याच्या टप्प्यात आहात. माथा, एकटे झाड, पाणवठा सोडा, एकमेकांपासून अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

*आग.* भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणे गुन्हा आहे. अभयारण्यात जायला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली परवानगी लागते. बारनवापारा हे २४५ चौरस किमीचे अभयारण्य आहे. तिथे मनात येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या पानांचा थर ठिणगीची वाट पाहत असतो. म्हणून शेकोटी विसरा आणि छोटी शेगडी न्या. रेल्वेत गॅसची टाकी नेता येत नाही, ती जवळच्या गावातून घ्या. तंबूच्या आत शेगडी किंवा निखारे कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्याला जाग येत नाही.

*जनावरे.* सरगुजा, कोरबा, रायगड या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत आणि अलीकडे महासमुंदच्या बाजूलाही हत्ती फिरतात. (हा रायगड छत्तीसगडचा, कोकणातला नव्हे.) त्या दिवशी कळप कुठे आहे हे वनरक्षकाला आणि गावकऱ्यांना ठाऊक असते. विचारा, आणि ते नको म्हणाले तर वाद घालू नका. अंधारात चालू नका. शौचासाठी पाण्यापासून ६० मीटर दूर वीतभर खड्डा करा आणि बुजवा. आणलेला कचरा परत न्या. उरलेले अन्न उघडे ठेवले तर प्राणी येतात.

६. साप चावला तर

मण्यार, जिला इकडे करैत म्हणतात, रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे काही तासांनी दिसतात. म्हणून तंबूची चेन बंद ठेवा, उघड्या जमिनीवर झोपू नका, सकाळी बूट झटकून घाला, रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका.

दंश झाला तर : माणसाला निजवा, धीर द्या. अंगठी-कडे काढा. तो हात किंवा पाय काठी बांधून हाड मोडल्यासारखा स्थिर करा. दंशाची वेळ लिहा. घट्ट आवळपट्टी, चिरा देणे, चोखणे, बर्फ, झाडपाला यांतले काहीही नको. साप पकडण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडचे सर्पविषप्रतिबंधक औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. त्याला चालवत नेऊ नका, उचलून न्या. मांत्रिकाकडचा प्रत्येक तास रुग्णालयातून वजा होतो. हे औषध ठेवणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागेल, हे निघण्याआधीच काढून ठेवा.

७. गटाचे नियम

माझ्याकडे दरवर्षी विद्यार्थी सहलीचे बेत घेऊन येतात. त्यांत जेवणाचा तपशील असतो, गाण्याची यादीही असते. मागे फिरण्याची वेळ बहुधा नसते. म्हणून तीन नियम :

१. सर्वांत हळू चालणारा पुढे. गटाचा वेग तोच. गट तुटणार नाही.
२. "परत जाऊ" असे एकाने म्हटले तरी पुरे. मतदान नाही, थट्टा नाही, कारण विचारणे खाली आल्यावर.
३. ठरलेल्या वेळा वर गेल्यावर बदलायच्या नाहीत. बदलायच्या तर फक्त अलीकडे.

दुसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. पाय मुरगळलेला किंवा चक्कर येत असलेला मुलगा गप्प राहतो, कारण आपल्यामुळे सगळ्यांचा बेत बुडेल असे त्याला वाटते. घरीच हा नियम मोठ्याने वाचून दाखवला, तर वर त्याला बोलायला जागा मिळते.

८. घरी ठेवायचा कागद

एका पानावर लिहा : सर्वांची नावे, रक्तगट, घरचे क्रमांक, कुठून कोणत्या वाटेने जाणार, मुक्कामाची जागा, पायथ्याच्या गावाचे नाव आणि तिथल्या एका माणसाचा क्रमांक, वनविभागाचे जवळचे ठाणे, जवळचे रुग्णालय, परतीची वेळ. शेवटी एक ओळ ठळक : "रविवारी संध्याकाळी ७ पर्यंत फोन आला नाही, तर आधी गावातल्या माणसाला आणि मग ११२ ला फोन करा." हा कागद जबाबदार मोठ्या माणसाकडे द्या.

सह्याद्रीत लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी स्वयंसेवकांची पथके शोधकार्याला धावून जातात. दूरच्या जंगलात मात्र पहिली मदत जवळच्या गावातूनच येते. म्हणून चढण्याआधी गावात थांबा, चहा घ्या, बेत सांगा. उतरल्यावर पुन्हा तोंड दाखवून जा.

स्वाध्याय

१. वाट ५ किमी, चढ ३६० मीटर. नवख्या गटाला विश्रांती सोडून किती वेळ लागेल? (उत्तर : २ तास २४ मिनिटे)
२. तुमच्या गावचा आजचा सूर्यास्त काढून, उतराईला २ तास धरून, वरच्या वाटेसाठी परतीची वेळ ठरवा.
३. वीज चमकल्यानंतर १२ सेकंदांनी गडगडाट ऐकू आला. अंतर किती? त्या क्षणी तुम्ही माथ्यावर असाल तर पुढची दोन पावले कोणती?
४. तुमच्या जवळच्या एखाद्या नदीवर मुक्कामाची जागा नकाशावर निवडा. तिच्या वरच्या अंगाला काय काय आहे ते लिहा आणि जागा ठेवायची की नाकारायची ते ठरवा.
५. पुढच्या सुट्टीतल्या बेतासाठी घरी ठेवायचा कागद तयार करा आणि तो आई-वडिलांना वाचून दाखवा. त्यांनी विचारलेल्या ज्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, तो प्रश्न सोडवल्याशिवाय निघू नका.